माझ्या नावाचा रानकांदा

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे उपाध्यक्ष आदरणीय राजवर्धनराव. पुण्याहून आवर्जून आलेले आजचे प्रमुख पाहुणे, वनखात्याचे माननीय साहेब. आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्या उत्कर्षा मॅडम. वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख सुकन्या मॅडम. ज्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची वेळ माझ्यावर आज पहिल्यांदाच आली, ते माझे घोलप सर. समोर बसलेले सर्व प्राध्यापक, कार्यालयातले माझे सोबती, विद्यार्थी मुलामुलींनो. दुसऱ्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती सिंधुबाई. डाळजहून टेम्पो करून आलेली माझी भावकी. आणि अगदी मागे, दाराला लागून बसलेले माझे थोरले बंधू जोतीराम तात्या. आपणा सर्वांना म्हस्कू मारकडचा नमस्कार.

तात्या, तुम्ही पुढे येऊन बसा असं दोनदा सांगून पाठवलं. आला नाहीत. असू द्या. दारापाशी वारा तरी आहे. इथे व्यासपीठावर फेटा, शाल आणि झेंडूचा हार अंगावर चढवून चैत्राच्या उन्हात बसणं काय असतं, ते आज मला कळतंय. उठून पळावं म्हटलं तर हातात नारळ.

हसू नका. या सभागृहातल्या खुर्च्या मी चौतीस वर्षं मांडल्या आहेत. कुठली कुरकुरते आणि कुठलीचा पाय लुळा, हे मला पाठ आहे. मला आज जिच्यावर बसवलंय तिचा मागचा डावा पाय गेल्या गणपतीपासून गेलेला आहे. म्हणून मी मघापासून जराही हललो नाही. सुकन्या मॅडमना वाटलं, म्हस्कूमामा भारावून गेलेत. तसं त्या माइकवर म्हणाल्यासुद्धा.

निरोपाची भाषणं मी किती ऐकली असतील? शंभर तरी. 'दोन शब्द बोलतो' म्हणून उभा राहिलेला माणूस पाऊण तासाच्या आत बसलेला मी पाहिलेला नाही. आणि शेवटी प्रत्येक जण एक वाक्य बोलतो की माझ्याकडून कळत नकळत काही चुकलं असेल तर उदार मनानं माफ करा. मी मागे पडद्याशी चहाचा ट्रे धरून उभा असायचो आणि मनात म्हणायचो, अहो, पण काय चुकलं ते तर सांगा! आजवर एकानंही सांगितलं नाही.

आता माझी पाळी आली आहे.

खरं तर मी निवृत्त होतो एकतीस मेला. माझी जन्मतारीख एक जून. आमच्या डाळजच्या शाळेत त्या वर्षी अकरा पोरं दाखल झाली आणि अकराच्या अकरा एक जूनला जन्मली. गुरुजी एका दुपारीत सगळ्यांची बाळंतपणं उरकायचे. पण मेमध्ये सुट्टी असते, समोर बसायला माणूस मिळत नाही, म्हणून प्राचार्या मॅडमनी कार्यक्रम आजच घेतला. मला ते बरं पडलं. त्या समईशेजारी तुम्हाला तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा दिसत असेल. सजावटवाल्यानं तो दोनदा उचलून बाहेर नेला आणि मी दोनदा आत आणला. त्यात जे आहे ते चैत्रातच फुलतं. मेअखेरीला मला तो दाखवता आला नसता.

त्या डब्याबद्दल बोलतोच. आधी ज्यांनी माझं आजवर कौतुक केलं त्यांच्याबद्दल बोलू.

प्राचार्या मॅडम म्हणाल्या की जगाच्या पाठीवर शिपायाच्या नावाचं फूल असलेलं महाविद्यालय एखादंच असेल आणि ते आपलं आहे. समोरच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना हे काय प्रकरण आहे ते माहीत नसेल. आपल्या माळांवर एक रानकांदा येतो. जमिनीत कांदा, वर एक लांब काडी, काडीला खाली मान घातलेली मळकट रंगाची फुलं. ऊन उतरल्यावर उमलतात, म्हणून कुणाच्या नजरेला पडत नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या डाळजच्या वर, खडीच्या माळावर, घोलप सरांना त्यातला एक वेगळा रानकांदा सापडला. शास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव छापून आलं, ड्रिमिया म्हस्कुई. माणसाच्या नावाला शेवटी ई लावली की त्या लॅटिन भाषेत ते 'त्याचं' होतं, असं सरांनी मला सांगितलं. म्हणजे म्हस्कूचा रानकांदा.

आणि साहेब माझ्यानंतर बोलणार आहेत. काय बोलणार ते पत्रिकेत छापलेलंच आहे, 'म्हस्कू पुष्पसंरक्षित क्षेत्राच्या विस्ताराची घोषणा'. खडीच्या माळाला सहा वर्षांपूर्वी कुंपण पडलं. आता ते तळ्याच्या पट्ट्यापर्यंत जाणार आहे. मोठा मान आहे. असा मान आमच्या सात पिढ्यांत कुणाला मिळाला नाही.

साहेब, तुम्ही घोषणा करायच्या आधी मला दहा मिनिटं द्या, एवढीच विनंती.

सरांकडे मी कामाला लागलो तेव्हा मला वाटायचं, झाडाला नाव द्यायचं म्हणजे बारसं. कानात कुर्र केलं की झालं. सरांनी पहिल्याच आठवड्यात मला हटकलं. मी एक कंद उचलून म्हणालो, "सर, कांदा." सर म्हणाले, "म्हस्कू, कांदा दिसला म्हणून कांदा म्हणायचं नाही. आधी विचारायचं. साल पदरापदराची आहे की खवल्याखवल्यांची? पाकळ्या किती? केसर किती? पान आधी येतं की फूल आधी? का दोन्ही बरोबर? सगळं विचारून झालं की मग नाव." मी म्हणालो, "सर, सोयरीक जमवताना विचारतात तसं." ते एवढे हसले की चष्मा काढून पुसला. पुढे वर्गातही सांगायला लागले. कांदा, लसूण, लिली, रानकांदा हे पूर्वी सगळे एकाच घराण्यात धरायचे, आता शास्त्रज्ञांनी वाटण्या करून दिल्या, असं ते सांगायचे आणि माझ्याकडे बघायचे. मागच्या बाकावर मी फळा पुसायचं फडकं घेऊन बसलेलो असायचो.

लोक त्यांना पाठीमागे काय म्हणायचे ते आज सांगायला हरकत नाही. कांदेवाले सर. बाकीचे प्राध्यापक उसावर, द्राक्षावर, डाळिंबावर काम करायचे. त्यांना गाड्या घ्यायला यायच्या. सर मात्र रविवारी एसटीनं भिगवणला उतरायचे आणि तिथून माझ्याबरोबर पायी माळावर यायचे. पिशवीत भाकरी, वह्या आणि एक भिंग. रानकांद्याच्या मागे त्यांनी उमेदीची वर्षं घातली आणि त्यांना कुणी विचारलं नाही. मला राग यायचा. त्यांना येत नव्हता, किंवा येत असेल तर दिसला नाही.

या रानकांद्याची एक खोड आहे. चैत्रात फूल येतं तेव्हा पान नसतं. आषाढात पान येतं तेव्हा फूल नसतं. आमच्याकडे दिवाळीनंतर नवरा मेंढरं घेऊन कोकणात जायचा आणि तो परत आला की बायको माहेरी गेलेली असायची, त्यातलाच प्रकार. पण शास्त्राला कागदावर दोन्ही लागतात. एका झाडाचं फूल आणि त्याच झाडाचं पान, सुकवून, एका शीटवर चिकटवलेलं. नाव उभं राहतं ते त्या शीटवर. म्हणून करायचं काय, तर चैत्रात फूल घ्यायचं, कांदा तसाच ठेवायचा, जागेवर खूण करायची आणि आषाढात जाऊन तोच कांदा पानांसकट काढून आणायचा.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या चैत्रात सरांनी खडीच्या माळावर फूल घेतलं. मला म्हणाले, "खूण कर." मी तीन दगड एकावर एक रचले. दुसरं काय करणार, माळावर दगडाशिवाय आहे काय?

आषाढात सरांचा गुडघा धरला होता. म्हणाले, "तू जा, तुला जागा माहीत आहे." मी गेलो. माळ हिरवा झाला होता. माझे तीन दगड लांबूनच दिसले, कारण ते शेंदरी झाले होते.

हसताय? मी नाही हसलो. दगडांना शेंदूर लावला होता, पुढे फुटका नारळ होता, आणि शेजारी आमच्या आळीतली गोजरबाई बसली होती. मला म्हणाली, "म्हस्कू, पाया पड. म्हसोबा परगाटलाय. चैतात मी हितनंच मेंढरं नेली, तवा काय न्हवतं. आता बघ." कुणीतरी मेंढक्यानं माझी खूण पाहिली असेल. आमच्यात रानात रचलेले दगड दिसले की कुणी हलवत नाही. पहिला हात जोडतो, दुसरा शेंदूर लावतो, तिसरा नवस बोलतो. तीन महिन्यांत माझ्या खुणेचा देव झाला होता.

आता विचार करा, मी काय करायला हवं होतं? सरांची कुदळ खांद्यावर. कांदा बरोबर देवाच्या बुडाशी. आणि मी कोण, तर ज्याच्या आईनं म्हसोबाला नवस करून पोर मागितलं आणि ज्याचं नावच त्याच्यावरून ठेवलं, तो म्हस्कू. गोजरबाईच्या देखत सांगायचं का की हे दगड मीच रचलेत? आणि सांगितलं तरी शेंदूर लागल्यावर त्याच्या बुडात कुदळ मारायची का? माझा हात उठला नाही. मी पाया पडलो, दहा-बारा पावलं पुढे गेलो, तिथे तसाच एक कांदा उगवलेला दिसला, तो पानांसकट काढला आणि एसटी गाठली.

त्या पानांवर जांभळे ठिपके होते. मला वाटलं, पावसानं पडले असतील.

सरांनी पानं टेबलावर पसरली आणि त्यांचा चेहरा बदलला. भिंग घेतलं. शिरा मोजल्या, ठिपके मोजले, पुन्हा मोजले. मी म्हणालो, "सर, जागा जरा—" त्यांनी मान वर न करता हात वर केला. "म्हस्कू, मी मोजतोय." सर मोजत असताना बोलायचं नसतं, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे. आकडा चुकतो. मी थांबलो. थोड्या वेळानं पुन्हा म्हणालो, "सर, ती खूण आहे ना—" पुन्हा हात वर. मग मी चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा सर शीटवर फुलाशेजारी ते पान चिकटवत होते आणि गुणगुणत होते. पंधरा वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी चहा ठेवला आणि बाहेर आलो.

मला तेव्हा वाटलं, पानासारखं पान. दहा पावलांनी काय होतंय?

काय होतं ते पुढच्या वर्षी कळलं. सरांनी मला बोलावून छापलेला कागद दाखवला. मी विचारलं, "सर, हा वेगळा आहे हे कशावरून ठरलं?" म्हणाले, "पानावरून. फूल तर नेहमीच्याच रानकांद्याचं आहे. पण ठिपक्यांच्या पानाचा रानकांदा आजवर कुणी लिहिलेला नाही." मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "आणि नाव तुझं दिलंय. हे फूल तुझ्यामुळे मिळालं."

सर, त्या क्षणी मला बोलता आलं असतं. तेव्हा तुम्ही मोजत नव्हता. मी बोललो नाही. त्याला कारण तुम्ही नव्हता.

मला ते नाव आवडलं होतं.

खरं ते बोलतो. तोवर कार्यालयातून मला हाक यायची, "ए म्हस्क्या, फाईल आण." वर्तमानपत्रात फोटो आला त्या दिवसापासून तीच माणसं म्हणायला लागली, "म्हस्कूमामा, सवडीनं जरा फाईल आणता का?" सिंधुबाईंनी कात्रणाला काच लावून ते देवघराशेजारी टांगलं. डाळजला पारावर माणसं उठून जागा द्यायला लागली. आणि सरांना पुण्या-मुंबईहून पत्रं येऊ लागली. कांदेवाले सर म्हणणारे सत्काराला हार घेऊन पुढे झाले. आता यातलं काय मी कुणाच्या हातातून काढून घेणार होतो?

पण मनाला चैन पडेना. त्याच्या पुढच्या चैत्रात मी एकटाच माळावर गेलो. देवाला हात जोडले आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला, अगदी हातभरावर, फुलावर आलेला एक रानकांदा काडीसकट उकरला. तेलाच्या डब्यात लावला आणि प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीत ठेवला. फूल डोळ्यांसमोर होतं, म्हणजे कांदा कुणाचा यात शंका नव्हती. आषाढ आला. पानं आली. हिरवीगार, एकही ठिपका नाही. म्हटलं, एखाद्या वर्षी चुकत असेल. दुसऱ्या वर्षीही तेच. सतरा आषाढ झाले. ठिपक्यांचं पान दुसऱ्याच कांद्याचं होतं. तो बुटका असतो आणि पहिल्या पावसाच्या सरीला फुलतो. मी दोन झाडांचं एक झाड करून दिलं होतं. सरांनी ते ओळखलं नसतं का? नक्की ओळखलं असतं. पण त्यांना वाटत होतं की म्हस्कूनं खुणेवरूनच पान आणलंय. मी तसं बोललो नव्हतो. पण मी गप्प राहिलो आणि ते बोलण्यासारखंच झालं.

मुलं दरवर्षी विचारायची, "मामा, डब्यात काय?" मी म्हणायचो, कांदा. कांदा दिसला म्हणून कांदा म्हणायचं नाही, हे विसरून.

तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांत कुणीच कसं पाहिलं नाही? साहेब, राग मानू नका. पाहणीला गाड्या येतात त्या मार्चअखेरीला. तेव्हा फूल असतं, पान नसतं. पावसाळ्यात खडीच्या माळावर गाडी चिखलात रुतते.

इथवर हे माझं एकट्याचं दुखणं होतं. मी ते डब्यात घालून खिडकीत ठेवलं होतं आणि पाणी घालत होतो. पण सहा वर्षांपूर्वी कुंपण आलं. दुर्मीळ फूल मेंढरं खातील म्हणून तारेचं कुंपण, लोखंडी गेट, वर कमान, कमानीवर माझं नाव. साहेब, रानकांद्याला मेंढरू तोंड लावत नाही हो. तो विषारी असतो. आमच्यात शेळीमागे फिरणाऱ्या लहान पोरीलाही हे माहीत असतं. उलट गवत चरलं गेलं तर त्याची काडी वर येते. आता आत गवत कमरेएवढं झालंय आणि फुलं शोधावी लागतात. पण आम्हाला कुणी विचारलं नाही. आणि ज्याला विचारलं असतं, त्याच्याच नावाची कमान होती.

माझे बंधू जोतीराम तात्या आणि आणखी तीन घरं, एवढीच आता आमच्याकडे मेंढरं राखून आहेत. बाकीच्यांनी ऊस धरला. माळ बंद झाल्यापासून तात्यांना मेंढरं हायवेच्या कडेनं न्यावी लागतात. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकखाली नऊ मेंढरं गेली. मी भेटायला गेलो. तात्या रस्त्याच्या कडेला बसले होते. माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाले, "गेटाला तुझ्या नावाचं कुलूप हाय रं." त्यानंतर त्यांनी आमच्या इथल्या, जळोचीच्या घराची पायरी चढलेली नाही. सिंधुबाई दर दिवाळीला त्यांचं ताट करून वाट बघतात.

आणि आता ते कुंपण तळ्यापर्यंत जाणार. म्हणजे पाणीही आत. मग मेंढरं विकण्याशिवाय काही उरणार नाही.

मी गेले दोन महिने झोपेतसुद्धा हिशेब घालतोय की बोलावं कसं. ठिपक्यांचं पान खोटं आहे असं म्हटलं, तर सरांच्या आयुष्यातली एकच गोष्ट जाते. का खोटं आहे ते सांगितलं, तर दगड माझे होते हे सांगावं लागतं आणि तात्यांचा देव जातो. त्यांनी त्या म्हसोबाला नवस बोलून नातू मागितला, नातू झाला, त्याचं जावळ तिथेच काढलं. आता कुंपणाच्या तारेतून हात घालून नैवेद्य ठेवतात. आणि गप्प बसलो, तर मेंढरं जातात. तिन्ही बाजूंनी तार आहे. चौथ्या बाजूला ही खुर्ची.

म्हणून बोललो. सर, मला माफ करा. तात्या, तुम्हीही.

काय म्हणालात, तात्या? मोठ्यानं बोला, पुढं ऐकू आलं नाही. असू द्या, मॅडम, बोलू द्या त्यांना. माझा सत्कार आहे ना?

तात्या म्हणतायत ते मी माइकवरून सांगतो, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. ते म्हणतायत, "दगड तू मांडलंस, पर शेंदूर आमी लावला. देव आमचा हाय. त्यो तुला काढता यायचा न्हाय." आणि म्हणतायत, "पर ह्ये आधी बोलायला काय झालतं तुला?"

बरोबर आहे, तात्या. आधीच बोलायला हवं होतं.

साहेब, माझी मागणी मोठी नाही. घोषणा आज करू नका. दोन-तीन महिने थांबा. हा डबा घेऊन जा, टेबलावर ठेवा, अधूनमधून पाणी घाला. आषाढात पानं येतील. ठिपके दिसले, तर तुम्ही म्हणाल तिथे अंगठा देईन. नाही दिसले, तर गेटाचं कुलूप काढा. कमान राहू द्या वाटल्यास, आमच्या मेंढक्यांना सावली होईल. रानकांदा राखायलाच हवा, पण आजवर तो मेंढरांनीच राखलाय.

नावाचं काय होईल, तेही मी शिकलोय. एकदा छापलेलं नाव पुसता येत नाही. चुकलेलं निघालं तरी ते पुस्तकात राहतं, जुन्या खऱ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात. बारीक अक्षरात राहायला माझी काही हरकत नाही. मी तिथेच होतो. सिंधुबाई, ती काच भिंतीवरून उतरवू नका. वर्तमानपत्रात चुकीचं छापून येतच असतं.

आता आभाराचं. संस्थेनं मला पोटाला लावलं, तिचे आभार. विभागानं शाल घातली, मान दिला, त्यांचे आभार. साहेबांनी मध्येच उठून न जाता ऐकून घेतलं, त्यांचे तर मनापासून. सिंधुबाईंचे आभार मानायची आमच्यात पद्धत नाही, घरी गेल्यावर बघू. आणि राहिले सर. सर, तुम्ही मला झाडाला प्रश्न विचारायला शिकवलंत आणि मी तुम्हालाच खरं उत्तर दिलं नाही. बाकीचे म्हणतात, कळत नकळत चुकलं असेल तर. माझं कळून चुकलं. कुठे चुकलं, कधी चुकलं, कुणाचं काय गेलं, सगळं सांगितलंय. आता माफ करायचं का नाही, ते तुमच्यावर.

सर, तुम्ही मघापासून खाली बघताय. माझी तुमच्याकडे बघायची हिंमत नव्हती, पण आता बघतो. मॅडम, जरा बाजूला व्हा, सरांना तो डबा हवाय. सावकाश सर, तळाला गंज आहे, हाताला लागेल. कार्यक्रम लांबला, ऊन उतरलं, खालचं फूल उमललंय बघा.

सरांनी डबा मांडीवर घेतलाय. खिशातून भिंग काढलंय. चष्मा कपाळावर सरकवलाय. ओठ हलतायत.

मंडळी, टाळ्या वाजवू नका. सर मोजतायत. सर मोजत असताना बोलायचं नसतं. मागच्या वेळी मी न सांगताच गप्प बसलो होतो. आज सांगून झालंय.

बसतो.